बहीण न्यू जर्सीच्या जेलमध्ये, भाचा कोल्हापुरात: आत्ता काय करायचं

तुमचा मेसेज दोनदा वाचला. माझ्या समजण्यात काही चूक असेल तर सांगा, म्हणून आधी थोडक्यात मांडते. धाकटी बहीण एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, न्यू जर्सीत, दीड वर्ष डिव्होर्सची केस चालू, मुलगा सहा वर्षांचा, तिथल्या कोर्टाने जॉइंट कस्टडी दिलेली आणि दुसऱ्याच्या लेखी संमतीशिवाय मुलाला देशाबाहेर न्यायचं नाही असं ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहिलेलं. ती मुलाला घेऊन कोल्हापूरला आली, त्याला तुमच्या आई-बाबांकडे ठेवलं, इथे शाळेत घातलं आणि नोकरी जाऊ नये म्हणून एकटीच परत गेली, तर नेवार्कला उतरल्या उतरल्या अटक. आठवडा झाला, एकच फोन आला, तोही दोन मिनिटांचा. आणि तुम्ही विचारताय की एम्बसी तिला सोडवेल का, खासदारांचं पत्र आणू का, आणि भाच्याला काही दिवस कोकणात मावशीकडे पाठवला तर तो सेफ राहील ना.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथे होतं. भाच्याला कुठेही हलवू नका. तो आजी-आजोबांकडे कोल्हापुरात आहे हे तिकडच्या कोर्टाला माहीत आहे, तसंच राहू दे. उद्या त्याला दुसऱ्या गावी नेलंत की सरकारी वकील कोर्टात उभं राहून म्हणणार की आई आत आहे आणि घरचे मूल लपवतायत, आणि त्या एका वाक्यावर तुमच्या बहिणीची सुटका कित्येक महिने लांबू शकते. मी गेली अठरा वर्षं पुण्यात अशा परदेशातल्या कस्टडीच्या केसेस बघतेय, माहेरच्यांनी प्रेमापोटी केलेल्या गोष्टींनीच पोरीची केस बिघडलेली मी इतक्या वेळा पाहिलीय की हे थोडं कडक शब्दांत सांगतेय, राग मानू नका.

आता मुळातली गोष्ट. तुमच्या डोक्यात ही एक केस आहे पण तिथे दोन चालू आहेत. एक फौजदारी, म्हणजे मूल घेऊन गेल्याचा गुन्हा, आणि दुसरी फॅमिली कोर्टातली, कस्टडीची. जेल पहिलीतून आलं पण त्याचं कुलूप बहुतेक वेळा दुसरीतून उघडतं. हे एकदा पक्कं लक्षात आलं की पुढची सगळी धावपळ योग्य दिशेने होते.

गुन्हा किती गंभीर आहे तेही ऐका, कारण 'आई आपल्या मुलाला घेऊन आली, यात कसला गुन्हा' असं आपल्याकडे सगळेच म्हणतात. आपल्याकडे खरंच तसं आहे, कोर्टाची मनाई नसेल तर बापाने स्वतःचं मूल नेणं हे अपहरण होत नाही असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये म्हटलंय. न्यू जर्सीत कायदा वेगळा. तिथे कस्टडीत अडथळा आणणे हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि मूल अमेरिकेबाहेर नेलं असेल तर तो सेकंड डिग्रीचा होतो, म्हणजे ५ ते १० वर्षं. ऑर्डर निघालेली नसली, नुसती केस चालू आहे हे माहीत असताना नेलं तरी तो लागू शकतो. याशिवाय १९९३ चा फेडरल, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारचा, कायदा आहे, त्यात ३ वर्षांपर्यंत शिक्षा. आणि पाच वर्षांखालचं मूल आईकडे वगैरे आपल्या १९५६ च्या हिंदू पालकत्व कायद्यातलं जे आहे ते तिथल्या जजपुढे सांगून काही उपयोग नाही, भाचा तर सहाचा झालाच आहे.

म्हणून पहिलं काम, तिच्यावर राज्याची केस आहे का फेडरल ते शोधा. आरोपाच्या कागदाची कॉपी मागा, त्यावर 'स्टेट ऑफ न्यू जर्सी' विरुद्ध असं आहे का 'युनायटेड स्टेट्स' विरुद्ध ते बघा. राज्याच्या कम्प्लेंट-वॉरंटचा नंबर डब्ल्यू अक्षराने सुरू होतो. वकील, कोर्ट, जामिनाचे नियम सगळं यावर ठरतं.

एम्बसीचं सांगते. न्यू जर्सी न्यूयॉर्कच्या कॉन्सुलेटकडे येतं, वॉशिंग्टनला फोन करत बसू नका. १९६३ चा व्हिएन्ना करार आहे, त्याचं कलम ३६ असं की परदेशी माणसाला अटक केली तर त्याला 'तुझ्या कॉन्सुलेटला कळवायचं का' हे विचारायचं, आणि कॉन्सुलेटला त्याला भेटायचा, पत्रव्यवहार करायचा, वकील मिळवून द्यायला मदत करायचा हक्क आहे. कुलभूषण जाधवांच्या केसमध्ये २०१९ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पाकिस्तानला दोषी धरलं ते याच कलमावर. पण यात एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. काही देशांच्या नागरिकांना अटक झाली की अमेरिकेला त्यांच्या कॉन्सुलेटला कळवावंच लागतं, भारत त्या यादीत नाही. आपल्या बाबतीत अटक झालेला माणूस हो म्हणाला तरच कळवतात. आणि घाबरलेल्या, लाज वाटत असलेल्या बाईने त्या रात्री 'नको' वर सही केलेली असू शकते, घरी कळेल, ऑफिसात कळेल म्हणून. ते आजही बदलता येतं. तिच्या वकिलाकडून तिला निरोप द्या की तिने जेलच्या स्टाफला लेखी द्यायचं, मला भारतीय कॉन्सुलेटला कळवायचं आहे.

इकडून तुम्ही मदद पोर्टलवर तक्रार टाका, २०१५ पासून परराष्ट्र मंत्रालयाचं ते आहे आणि त्यात परदेशात तुरुंगात असलेल्यांसाठी वेगळा प्रकार आहे. पासपोर्ट नंबर, जन्मतारीख, जेलचं नाव, केस नंबर, पुढची तारीख एवढं घाला, चार ओळींत लिहा, सासरच्यांचा इतिहास त्यात नको. खासदारांचं पत्र आणायला हरकत नाही, त्या तक्रारीचा नंबर पत्रात घालून घ्या म्हणजे फाईल हलते, एखादा अधिकारी लवकर भेटायला जातो. पण पत्राने सुटका होत नाही, काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, जजला आपले खासदार काय किंवा मंत्री काय कुणीच काही सांगू शकत नाही. कॉन्सुलेट तिचा वकील म्हणूनही उभं राहणार नाही. त्यांच्याकडून मागायचं ते असं: कोणीतरी प्रत्यक्ष भेटून ती बरी आहे ना बघावं, थायरॉइडची गोळी मिळते का विचारावं, शाकाहारी जेवणाची सोय व्हावी, वकिलांची यादी द्यावी, आणि ऐपत नसेल तर इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंडातून सुरुवातीच्या कायदेशीर मदतीचा विचार करावा. हा फंड २००९ पासून आहे आणि परिस्थिती बघून देतात, सगळ्यांना नाही. आणि हो, ती अजून भारतीय नागरिक आहे म्हणून हे सगळं शक्य आहे, अमेरिकन पासपोर्ट घेतलेला असता तर यातलं काहीच मागता आलं नसतं.

फोनबद्दल. जेलमधून येणारा प्रत्येक कॉल रेकॉर्ड होतो. मराठीत बोललं तर कुणाला कळणार असं समजू नका, दुभाषी मिळतो आणि कोर्टात शब्द न् शब्द वाचून दाखवतात. मी एका केसमध्ये आईचं 'तू काळजी करू नको गं, आम्ही त्याला पोराचं तोंडसुद्धा दिसू देणार नाही' हे एक वाक्य जामिनाच्या सुनावणीत आलेलं पाहिलंय. म्हातारी रागाने बोलली होती, अर्थ तसा नव्हताही, पण कागदावर तसाच दिसतो. तेव्हा आई-बाबांना आजच बसवून सांगा, फोनवर फक्त तब्येत, जेवण, भाच्याची शाळा, वकिलाचं नाव. केस नाही, नवरा नाही, पुढे काय करायचं ते तर अजिबात नाही. वकिलाशी तिचं जे बोलणं होतं ते गोपनीय असतं, पण त्यात तुम्ही तिसरे म्हणून लाइनवर आलात तर ते संरक्षण जाऊ शकतं, म्हणून कॉन्फरन्स कॉल करू नका. आणि व्हॉट्सॲपवरचे जुने मेसेज कुणीही डिलीट करू नका, तिच्या विरोधात वाटतात ते पण नाही, पुरावा नष्ट केला म्हणून आणखी एक भानगड नको.

आता जामीन. न्यू जर्सीत २०१७ पासून पैसे भरून जामीन जवळजवळ बंद झालाय. अटक झाल्यावर ४८ तासांत सोडायचं कसं यावर निर्णय होतो आणि सरकारी वकिलाने डिटेन्शनचा, म्हणजे केस संपेपर्यंत आतच ठेवायचा, अर्ज दिला तर साधारण तीन कामाच्या दिवसांत सुनावणी. ती आठवड्याने अजून आत आहे म्हणजे बहुतेक डिटेन्शनची ऑर्डर झालीय, कारण पळून जाण्याचा धोका: मूल परदेशात, माहेर परदेशात, व्हिसा तात्पुरता. त्या ऑर्डरवर अपील करायची मुदत फक्त सात दिवसांची असते म्हणून हे वाचून झालं की पहिला फोन वकिलाला करा. ती मुदत गेली तरी आशा सोडू नका, नवीन महत्त्वाची माहिती पुढे आली तर तीच सुनावणी पुन्हा उघडता येते. ती नवीन माहिती काय असू शकते त्यावर खाली येतेच. आणि तुम्हाला कुणी फोन करून 'पंधरा हजार डॉलर बेल भरा, उद्या सुटेल' म्हणत असेल तर पैसे पाठवू नका, अशा वेळी घरच्यांना गाठणारे भामटे असतात. राज्याची केस असेल तर तो माणूस बहुतेक खोटाच, फेडरल असेल तरी तिच्या वकिलाशी बोलल्याशिवाय एक रुपया नाही.

वकील कोण? फौजदारी केससाठी पैसे नसतील तर पब्लिक डिफेंडर मिळतो, तो सरकारचा माणूस म्हणून कमी समजू नका, रोज त्याच जजपुढे उभा असतो. पण तो कस्टडीची केस बघणार नाही, त्यासाठी फॅमिली लॉयर वेगळा लागेल आणि तिसरा इमिग्रेशनचा, निदान सल्ल्यापुरता. तिघांनी एकमेकांशी बोलायला हवं. समजा फौजदारी वकिलाने झटपट सुटका होतेय म्हणून एखाद्या आरोपाची कबुली द्यायला लावली आणि त्याच कबुलीने तिला अमेरिकेतून काढून टाकलं, तर मुलाच्या कस्टडीचं काय? २०१० मध्ये पडिया केसमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कबुलीचा इमिग्रेशनवर काय परिणाम होईल हे वकिलाने अशिलाला सांगितलंच पाहिजे. तिने ते विचारावं, लेखी घ्यावं. नोकरीचंही बघा, कंपनीने काढलं तर एच-वन-बीवर जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत असते आणि ते दिवस जेलमध्येही मोजले जातात.

यावर मी नेहमी एक उदाहरण देते, न्यू जर्सीचंच आहे. मारिया होसे काररास्कोसा नावाची स्पॅनिश बाई, स्वतः वकील. नवरा अमेरिकन. वेगळे होताना दोघांनी २००४ मध्ये लेखी करार केला की दुसऱ्याच्या परवानगीशिवाय मुलीला परदेशी न्यायचं नाही. २००५ च्या जानेवारीत ती मुलीला घेऊन स्पेनला गेली, मुलगी व्हॅलेन्सियात आजी-आजोबांकडे ठेवली, स्पेनच्या कोर्टाने तिला कस्टडी दिली, मुलीला १८ वर्षांची होईपर्यंत देशाबाहेर नेऊ नये असा आदेशही दिला. म्हणजे तिच्या देशाचा कायदा पूर्ण तिच्या बाजूने. आणि मग ती अमेरिकेत परत गेली. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये अटक, २००९ मध्ये ज्यूरीने दोषी ठरवलं, १४ वर्षांची शिक्षा. सुटली २०१५ च्या एप्रिलमध्ये, साडेआठ वर्षांनी. शेवटचा काळ तर शिक्षेचा नव्हताच, पॅरोल मिळाला होता, पण फॅमिली कोर्टाच्या कंटेम्प्टवर, म्हणजे ऑर्डर न पाळल्याच्या अवमानावर, बसली होती, मुलगी परत आणत नाही म्हणून. गेली तेव्हा मुलगी चार-पाच वर्षांची, आई सुटली तेव्हा पंधरा वर्षांच्या आसपास.

कंटेम्प्ट म्हणजे हे नीट समजून घ्या. ती शिक्षा नसते, तारीख नसते. कोर्ट म्हणतं ऑर्डर पाळ आणि जा. वॉशिंग्टनमध्ये एलिझाबेथ मॉर्गन नावाची सर्जन १९८७ ते १९८९ अशी २५ महिने अशीच आत होती, मुलगी कुठे आहे ते सांगत नव्हती, शेवटी अमेरिकेच्या संसदेने कायदा केला तेव्हा बाहेर आली. मुलगी कुठे होती तर न्यूझीलंडमध्ये आजी-आजोबांकडे. दोन्ही केसमध्ये बघा, आई आत आणि मूल आजोळी. तुमच्या घरात आत्ता तेच आहे. म्हणून म्हणते की तुमच्या बहिणीच्या सुटकेतला सगळ्यात मोठा भाग न्यूयॉर्कच्या कॉन्सुलेटमध्ये नाही, तुमच्या कोल्हापूरच्या घरात आहे.

याचा अर्थ उद्या मुलाला विमानात बसवून द्या असा नाही. आधी वाटाघाटी, मग कागद, मग प्रवास. तिच्या फॅमिली लॉयरने नवऱ्याच्या वकिलाशी लेखी तोडगा काढायचा: मूल कुणाबरोबर परत जाईल, तिकिटाचा खर्च कुणाचा, पहिले काही आठवडे कुणाकडे राहील, आईला भेट कधी आणि कशी, कंटेम्प्ट मागे घेणार का, आणि हे सगळं कोर्टाच्या ऑर्डरमध्ये उतरवून. ही ऑर्डर, किंवा मूल परत आल्याची नोंद, हीच ती नवीन माहिती जिच्यावर डिटेन्शनची सुनावणी पुन्हा उघडायला मागता येते. फौजदारी केस नवरा मागे घेऊ शकत नाही, ती राज्याची असते, पण त्याची भूमिका सरकारी वकील ऐकतो. पहिलाच गुन्हा असेल तर प्रीट्रायल इंटरव्हेन्शन नावाची सोय आहे, म्हणजे खटला न चालवता काही काळ देखरेखीखाली ठेवून केस मिटवायची, सेकंड डिग्रीला ती सहज मिळत नाही, सरकारी वकिलाची संमती लागते, आणि मूल सुखरूप परत आलं असेल तरच ती संमती मिळण्याची काही शक्यता असते.

तुम्ही म्हणाल, परदेशात नेलेलं मूल परत पाठवायचा जो हेग करार आहे त्यात भारत नाही, मग कोण काय करणार. बरोबर, १९८० च्या त्या करारावर भारताने सही केलेली नाही. पण नवरा इथे हेबियस कॉर्पस, म्हणजे मुलाला कोर्टापुढे हजर करा असा अर्ज, लावू शकतो, आणि आता मुंबईलाही जायला नको, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच हायकोर्टाचं सर्किट बेंच आहे. सुप्रीम कोर्टाने २०१७ च्या नित्या आनंद राघवन केसमध्ये म्हटलं की परदेशी ऑर्डर हा एक मुद्दा आहे, मुलाचं हित सगळ्यात वर. ते वाचून लोक खूश होतात. पण नंतर २०१९ ची लाहारी साखामुरी, २०२० ची यशिता साहू, या दोन्हीत मुलांना अमेरिकेला परत पाठवायला सांगितलंय. अमेरिकेत जन्मलेलं, सहा वर्षं तिथे वाढलेलं मूल, तिथल्या कोर्टाची स्पष्ट मनाई, आणि इथे येऊन थोडेच महिने. तुमची बाजू इथेही मजबूत नाही हे मी तुम्हाला खोटा धीर न देता सांगतेय.

यात सगळं उलटं फिरवणारी एक गोष्ट असू शकते, तुम्ही मेसेजमध्ये अर्धवट लिहिलीय, 'तो चांगला वागत नव्हता'. म्हणजे नक्की काय? हात उचलायचा का? मुलावर? मारहाणीतून पळून आलेल्या आईला फेडरल कायद्यात बचाव आहे, न्यू जर्सीच्या कायद्यातही आहे, पण तिथे अशी अपेक्षा असते की तिने लवकरात लवकर पोलिसांना किंवा बालसंरक्षण विभागाला कळवलेलं असावं. तसं काही असेल तर जे आहे ते गोळा करा, ९११ ला (तिकडचा पोलिसांचा तातडीचा नंबर) केलेले कॉल, डॉक्टरचे कागद, फोटो, तुम्हाला रात्री-अपरात्री पाठवलेले मेसेज तारखेसकट. मानवी नावाची संस्था न्यू जर्सीत १९८५ पासून आपल्या दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करतेय, त्यांना गाठा, त्यांना हे सगळं नवीन नाही. पण मारहाण झाली नसेल तर ती झाली म्हणून कुणी सुचवलं तरी लिहू नका, एकदा खोटं उघडं पडलं की पुढचं खरंही कुणी मानत नाही आणि मुलगा मोठा झाल्यावर ते कागद वाचणार आहे.

भाच्याचं बोलूया, कारण या सगळ्यात त्याला कुणी काही विचारत नाही. आज रात्रीच त्याचा त्याच्या बाबांशी व्हिडिओ कॉल लावून द्या. तुम्हाला जड जाईल हे मला कळतं, ज्या माणसाच्या तक्रारीवर बहीण आत गेली त्याला हसून हॅलो म्हणायचं म्हणजे काय असतं ते. पण तरी लावा, रोज ठरलेल्या वेळी, आणि किती वाजता लावला ते वहीत लिहून ठेवा. यशिता साहू केसमध्ये कोर्टाने दुरावलेल्या पालकाला व्हिडिओ कॉलवर तरी मूल भेटायला हवं यावर भर दिलाय, आणि न्यू जर्सीचा जजही हेच आधी विचारेल. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे पोराला बाबा हवा असतो. आई कुठे आहे विचारलं तर ऑफिसच्या कामाला गेलीय असं खोटं सांगू नका, 'आईला कोर्टाचं काम आहे, ती तुझ्यावर खूप प्रेम करते, लवकर फोन करेल' एवढं खरं आणि पुरेसं आहे. त्याचा पासपोर्ट नीट ठेवा, कुणाच्याही हातात देऊ नका. काररास्कोसाच्या केसमध्ये तिच्या वकिलांकडे असलेला मुलीचा पासपोर्ट त्यांनी तिच्याच हातात दिला होता, बापाने नंतर त्या वकिलांवर केस केली आणि जिंकला.

शिक्षा झालीच तर भारतात आणून भोगता येते का असं तुमच्या बाबांनी विचारलंय. २००३ चा कैदी प्रत्यावर्तन कायदा आहे, पण त्याला शिक्षा अंतिम झालेली, अपील बाकी नाही, किमान सहा महिने उरलेले, आणि तोच गुन्हा भारतातही गुन्हा असायला हवा. शेवटच्या अटीवरच इथे घोडं अडतं. शिवाय राज्याच्या जेलमधली असेल तर न्यू जर्सीचीही परवानगी लागते. तो विषय आत्ता बाजूला ठेवा.

आई-बाबांनी स्वतः तिकडे जायची घाई करू नये, मूल त्यांच्या ताब्यात आहे तेव्हा आरोपात त्यांचंही नाव येऊ शकतं, वकिलाने लेखी सांगितल्याशिवाय व्हिसाचा फॉर्मही भरू नका. तिकडची धावपळ करायला एक विश्वासातला माणूस तिथेच शोधा, जेलचा फोन अकाउंट उघडायला, कँटीनचे पैसे भरायला, घराचं भाडं बघायला. न्यू जर्सीत एडिसनच्या बाजूला कुणी नातेवाईक नसतील तर मराठी विश्व या तिथल्या मराठी मंडळाच्या लोकांना विचारून बघा, भेटायला जाणारा एक मराठी माणूस मिळाला तरी तिला केवढा आधार होईल. फेसबुकवर 'माझ्या बहिणीला न्याय द्या' वगैरे काही टाकू नका, भाच्याचा फोटो तर मुळीच नको, आणि पत्रकाराचा फोन आला तर वकिलाचा नंबर द्या.

मला तीन गोष्टी पाठवा: कस्टडीच्या ऑर्डरची पूर्ण कॉपी, अटकेच्या आरोपाचा कागद, आणि तिकडच्या वकिलाचं नाव. त्याच्याशी मी स्वतः बोलेन, इथल्या हायकोर्टात काय होऊ शकतं याचं पत्र त्याला तोडग्याच्या वेळी उपयोगी पडतं. माझी फी त्यानंतर बघू. आधी वकिलाला फोन, अपीलाच्या त्या सात दिवसांचं विचारा. इकडे सकाळ असेल तेव्हा तिकडे आदल्या दिवसाची रात्र असते, म्हणून संध्याकाळी सातनंतर लावा.